गुडघे धड आहेत तोवर

अगं, नव्या फ्लॅटचे फोटो पाहिले. ओटा झकास दिसतोय. पण एक विचारू? बाथरूमचं दार किती इंची आहे गं?

हसू नकोस. तू छप्पन्नची, भाऊजी साठीला टेकलेले. यानंतर तुम्ही काही पुन्हा घर बदलत नाही. म्हणजे म्हातारपण याच घरात काढायचं आहे.

आमच्या सासूबाईंचं तुला आठवतच असेल. तिसरा मजला, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. खुब्याचं ऑपरेशन करून घरी आणलं, तर जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. जेवणाच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्यानंतर पावणेदोन वर्षं त्या खाली उतरल्याच नाहीत, विसर्जनाची मिरवणूकसुद्धा गॅलरीतूनच पाहिली. पण खरं सांगू, जिन्यापेक्षा बाथरूमनं त्यांना जास्त छळलं. दार दोन फुटी, व्हीलचेअर सव्वादोन फुटी, वर चार इंचांचा उंबरा. दरवेळी आम्ही दोघींनी धरून न्यायचं. त्याचा त्यांना इतका संकोच, की त्या पाणीच कमी प्यायला लागल्या. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. अजून टोचतं.

महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जे निकष घातले, त्यात दार निदान 900 मिलिमीटरचं सांगितलंय, म्हणजे जवळजवळ तीन फूट. तुझी इमारत त्यात बसत नाही, ठीक आहे. माप तेच माग. आणि दार बाहेर उघडणारं नाहीतर सरकतं कर. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला, की ते ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी. कमोडजवळ नि शॉवरखाली धरायला दांडे लागतील, ते पुढे बसव हवं तर; पण टाइल्स लागायच्या आत गवंड्याला सांगून ती भिंत भक्कम करून घे. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारी माणसं मी पाहिलीत, दांडीसकट खाली आलेलीही.

लिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. जुन्या इमारतीला मागाहून लावलेली लिफ्ट बऱ्याचदा दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबते, पुढच्या सात-आठ पायऱ्या आपल्याच. तुमच्याकडे ती थेट दारापुढे थांबते का, वीज गेली तर जनरेटरवर चालते का, स्वतः जाऊन बघ. रॅम्पचंही तसंच. इंचाला फूट हा हिशेब. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट उतार लागतो. बिल्डर सहा फुटांत उरकतात, त्यावरून फार तर स्कूटर चढते.

भाऊजींचं ते 'रिटायर झाल्यावर कोकणात जाऊ' प्रकरण मिटलं ना? मिटू दे. उतरणीवरची पाखाडी, मागच्या अंगणापलीकडचा संडास आणि तासाभरावरचं हॉस्पिटल. मे महिन्यात आठ दिवस राहायला छान आहे.

आता नाजूक गोष्ट. घर दोघांच्या नावावर ठेव, आणि मुलांना द्यायचं तर मृत्युपत्रानं दे. जिवंतपणी बक्षीसपत्र करायचीच वेळ आली, तर 'आम्हाला सांभाळायचं' ही अट त्यात स्पष्ट लिहून घे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अट मोडली तर असा व्यवहार रद्द करून मागता येतो. अट लिहिलेलीच नसेल, तर भांडण फार अवघड होतं. तुझा मुलगा गुणी आहे, मला ठाऊक आहे. तरी लिहून घे.

बिल्डर अजून आतल्या भिंती घालतोय म्हणालीस ना? मग रविवारी टेप घेऊन जा, बाथरूमचं दार मोज, आणि मला फोन करून आकडा सांग.