ताकद आणि दम

मुलांनो, उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत हा शब्द आला आणि त्याचा अर्थ थोडा बदलला. नाटकाच्या सरावालाही आपण तालीम म्हणतो. पण एखादा मुलगा ‘मी रोज तालमीत जातो’ असे म्हणाला, तर तो कुस्ती शिकायला जातो असे समजावे. तुमचा उस्ताद मराठीत येऊन वस्ताद झाला, पहलवानाचा पैलवान झाला. मेहनत, कसरत, खुराक आणि दम हे शब्द मात्र होते तसेच राहिले. म्हणून तालमीत गेलात, तर तिथली अर्धी भाषा तुम्हांला न शिकवताच येईल.

चला तर, आपण कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत जाऊ. राजर्षी शाहू महाराजांनी या शहरात कुस्तीला मोठा आश्रय दिला. त्यांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 मध्ये पुरे झाले. गंगावेस, मोतीबाग अशा तालमींची नावे दूरवर माहीत आहेत. पहाटेचे साडेचार वाजले आहेत. बाहेर अंधार आहे. आत दिवा लागला आहे आणि लंगोट लावलेली मुले हौद्याभोवती जमली आहेत. हौदा म्हणजे कुस्तीची जागा. त्यात तांबडी माती असते. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असे पदार्थ मिसळतात.

सर्वांत आधी दोघे-तिघे फावडी घेऊन हौदा उकरतात. पाहणाऱ्याला वाटते, ही तर साफसफाई! पण तुम्ही एकदा दहा मिनिटे ओली माती उकरून पाहा. पाठ, कंबर, खांदे आणि मनगटे, सगळी एकदम कामाला लागतात. समोरच्याला ओढून आणायला हीच ताकद लागते.

मग जोर सुरू होतात. हात आणि पाय जमिनीला टेकवायचे, कंबर उंच ठेवायची, छाती जमिनीजवळून पुढे न्यायची आणि डोके वर काढायचे. यात छाती आणि खांदे बळकट होतात, शिवाय पाठीचा कणा लवचीक राहतो. नंतर बैठका. त्यांनी मांड्या भरतात आणि श्वासही वाढतो. कोणी दोर चढतो, कोणी मुद्गल फिरवतो. मुद्गल म्हणजे तुमचे मुगदर. जोर-बैठकांमध्ये ढकलण्याचे आणि उठण्याचे काम भरपूर होते, ओढण्याचे काम मात्र होत नाही. म्हणून दोर चढणे कधी टाळू नये. जुन्या वस्तादांनी हे पुस्तक न वाचता ओळखले होते.

आता नव्या तालमींत वजने उचलण्याचे साहित्यही आले आहे. वजने उचलली की मुलांची उंची खुंटते, असे पुष्कळ लोक सांगतात. हा समज खरा नाही. शिकवणारा माणूस समोर हवा, वजन हलके हवे आणि उचलण्याची रीत बरोबर हवी, एवढीच काळजी घ्यावी लागते.

पण नुसती ताकद असून चालत नाही. मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांची असते. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये फक्त तीस सेकंदांची विश्रांती. मुष्टियुद्धात तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. ज्युदोची लढत चार मिनिटांची, आणि बरोबरी झाली तर त्याहूनही लांब. तुम्ही म्हणाल, सहा मिनिटे म्हणजे काय मोठेसे! शाळेची मधली सुट्टीसुद्धा त्याहून मोठी असते. पण शंभर मीटर जोराने धावल्यावर तुम्हांला कसे वाटते ते आठवा. पैलवानाला तशी धाव सहा मिनिटांत पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. शिवाय अंगावर एक माणूस असतो, आणि तोही जिंकायलाच आलेला असतो.

आपल्या शरीराकडे ताकद पुरवण्याचे तीन मार्ग आहेत. स्नायूंमध्ये थोडीशी शक्ती तयार ठेवलेली असते. झटक्यात पट काढायचा, समोरच्याला उचलून टाकायचे, ही कामे तिच्यावर होतात. पण ती आठ-दहा सेकंदांत संपते. मग शरीर साखर जाळू लागते. पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तरी हे काम चालते, पण एक-दोन मिनिटांतच हातपाय भरून येतात, दगडासारखे जड होतात. तिसरा मार्ग प्राणवायूचा. ही शक्ती सावकाश मिळते, पण खूप वेळ पुरते. दोन झटापटींच्या मध्ये जो थोडा वेळ मिळतो, त्यात पहिली शक्ती पुन्हा भरून देण्याचे कामही तीच करते. यालाच आपले लोक ‘दम’ म्हणतात. ज्याचा दम चांगला, तो पाचव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखा पट काढतो.

याचे एक उदाहरण सांगतो. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक 58 किलो वजनी गटात खेळत होती. कांस्यपदकाची कुस्ती ही त्या एकाच दिवसातली तिची पाचवी कुस्ती होती. किरगिझस्तानच्या खेळाडूने पहिल्या फेरीत 5-0 अशी आघाडी घेतली. पुष्कळ पाहणाऱ्यांनी आशा सोडली. दुसऱ्या फेरीत साक्षीने गुण मिळवत बरोबरी केली, आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत डाव टाकून 8-5 अशी कुस्ती जिंकली. तो डाव तिला आधीपासून येतच होता. पण पाचव्या कुस्तीच्या सहाव्या मिनिटाला तो टाकण्याइतका दम तिच्यात उरला होता.

दम वाढवायला कोसभर पळणे उपयोगी आहे, पण तेवढे पुरत नाही. कुस्तीत जसे होते तसेच सरावात करावे लागते. तीस सेकंद पूर्ण जोराने, मग तीस सेकंद सावकाश, पुन्हा तीस सेकंद जोराने. वस्तादांची यासाठी एक युक्ती आहे. ते एका पैलवानाला हौद्यात उभा करतात आणि दर दोन मिनिटांनी ताजा जोडीदार आत पाठवतात. जोडीदार बदलत राहतात, मधला मात्र तोच! त्याचे तोंड पाहण्यासारखे होते.

आता ‘किती’ हा प्रश्न येतो. गामा पहलवानाचे नाव तुम्ही घरी ऐकले असेल. त्यांचे खरे नाव गुलाम मुहम्मद. 1910 साली ते लंडनला गेले. तिथे पोलंडच्या झ्बिस्को या धिप्पाड पैलवानाबरोबर त्यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि निकाल लागला नाही. 1928 मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. गामा रोज किती बैठका मारत, याचे आकडे सगळे सांगतात, आणि सांगणाऱ्यागणिक ते वाढत जातात! मला वाटते, त्या आकड्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे. गामांनी लहानपणापासून वर्षानुवर्षे मेहनत केली होती. तो आकडा पहिल्या दिवसाचा नव्हता.

आमच्या शेजारच्या एका मुलाने ही गोष्ट ऐकली आणि तालमीच्या पहिल्याच दिवशी तीनशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना. तिसऱ्या दिवशी लघवी चहासारखी गडद झाली, तेव्हा घरचे घाबरले आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेले. सवय नसताना फार मेहनत केली की स्नायू तुटतात आणि त्यांतला भाग रक्तात मिसळतो. तो मूत्रपिंडांना त्रास देतो. मुलगा वेळेवर गेला, म्हणून बरा झाला. महिन्याभराने तो पुन्हा तालमीत आला, तेव्हा वस्ताद म्हणाले, “बाळा, आज वीस बैठका मार आणि घरी जा.”

“फक्त वीस, वस्ताद?”

“वीस. आणि रात्री नऊला झोप. ताकद हौद्यात येत नाही, झोपेत येते.”

वस्तादांचे हे बोलणे शास्त्राला धरून आहे. मेहनतीने स्नायू थकतात, थोडे झिजतात. विश्रांतीत शरीर ते दुरुस्त करते आणि पहिल्यापेक्षा थोडे बळकट करून ठेवते. त्यासाठी झोप आणि खुराक हवा. खुराक म्हणजे फक्त बदाम आणि तूप नव्हे. डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, अंडी हाही उत्तम खुराक आहे. तो मुलगा दर आठवड्याला चार-पाच बैठका वाढवत गेला. वहीत तो रोजचा आकडा लिहीत असे.

मुलांनो, आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार जपण्याची आहे. कुस्तीत वजनाचे गट असतात. खालच्या गटात सोपे जाईल असे वाटून काही खेळाडू पाणी पिणे सोडतात, उन्हात जाड कपडे घालून धावतात, घाम काढतात. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत असेच वजन उतरवताना महाविद्यालयात शिकणारे तीन पैलवान मरण पावले. पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, हृदयावर ताण येतो आणि अंग थंड होत नाही. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी कपडे घालून घाम काढण्यास बंदी आली.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. त्या रात्री वजन उतरवण्यासाठी ती झोपलीच नाही. सकाळी काट्यावर वजन 100 ग्रॅम जास्त भरले. तिला स्पर्धेतून बाद केले आणि पदकही मिळाले नाही. अंगातले पाणी इतके कमी झाले होते की तिच्यावर उपचार करावे लागले. शंभर ग्रॅम म्हणजे एक लहान केळे! ज्यांच्याजवळ डॉक्टर आणि मार्गदर्शक असतात, त्यांचीही अशी स्थिती होते. मग शाळेतल्या मुलांनी हे का करावे?

आमच्या शेजारच्या मुलालाही हा मोह झालाच. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याचे वजन एक किलो जास्त भरले. “वस्ताद, उद्यापर्यंत पाणी पीत नाही, म्हणजे खालच्या गटात बसेन,” तो म्हणाला. वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“आधी हे पी. मग वरच्या गटात तुझे नाव लिहू.”

वरच्या गटात तो पहिली कुस्ती जिंकला आणि दुसरी हरला. परत येताना एसटीत खिडकीजवळ बसून तो शेंगदाणे खात होता, आणि मांडीवरच्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या बैठकांचा आकडा लिहीत होता.