वाळवणाचा हिशेब

वाळवणं हे उन्हाचं काम, असं सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ऊन चैत्र-वैशाखात न बोलावता येतं. आपल्याला सांभाळायचं असतं ते पाणी. किती घालायचं, किती काढायचं आणि शेवटी किती आत राहू द्यायचं, यावर सगळा पदार्थ उभा असतो. त्याच्या जोडीला बघायचे हात. कोणत्या कामाला किती माणसं लागतात हे आधी ठरवलं नाही, तर भिजवलेलं पीठ आणि चढलेलं ऊन दोन्ही आपल्याकडे बघत बसतात.

माझं माहेर जळगावकडचं, संसार पुण्यात आणि थोरली जाऊ राजापूरची. बिबडे आणि खारोड्या आईकडून, कुरडया-सांडगे सासूबाईंकडून आणि आमसुलं, फणसाचे पापड जावेकडून शिकले. त्यातून हाताला जे कळलं ते हे असं.

१. गहू भिजवायच्या आधी आभाळ बघा

कुरडईचं काम आपण ज्या दिवशी गच्चीवर जातो त्या दिवशी सुरू होत नाही. त्याच्या चार दिवस आधी होतं. गहू तीन दिवस पाण्यात राहतो. पाणी रोज बदलायचं, उकाडा वाढला असेल तर सकाळ-संध्याकाळ. मग तो वाटायचा, चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिजवायचा. म्हणजे मंगळवारी गहू भिजवणारीने शनिवारच्या आभाळाचा विचार केलेला हवा.

फुगलेला गहू आपल्यासाठी थांबत नाही, तो आंबत जातो. थोडा आंबूसपणा चालतो, चवीला बराही लागतो. पण ढगांपायी आणखी दिवस गेले तर तो वास कुरडई तळल्यावरही जात नाही. म्हणून आमच्याकडे होळी झाली की गहू भिजतो आणि अक्षय्य तृतीयेच्या आत कुरडया आवरतात. मे महिन्यात दुपारी रणरणतं ऊन आणि संध्याकाळी वळीव, हा ठरलेला घात. मिरच्या, सांडगे, पापड पटकन गोळा करून आत नेता येतात. नुकत्या घातलेल्या कुरडया जागच्या हलत नाहीत.

२. निवळीचं पाणी सगळं ओता, मगच मोजा

सकाळी पातेल्यात चीक तळाशी बसलेला असतो आणि वर पिवळट पाणी. ते पाणी धीराने, पातेलं न हिंदकळवता ओतून टाकायचं. उरलेला चीक घट्ट असतो, हाताने खरवडून सैल करावा लागतो. तो वाटीने मोजायचा आणि तितकंच पाणी आधणाला ठेवायचं. निवळ अर्धवट काढली तर हे माप खोटं ठरतं आणि सोऱ्यातून पडलेली कुरडई जागेवर पसरते.

आधणात मीठ आणि हिंग घालून, उकळी फुटली की एकीने चीक धारेने सोडायचा आणि दुसरीने लाटण्याने घोटत राहायचं. इथे एकटीने काम करू नये. गुठळी झाली की ती सोऱ्याच्या जाळीत अडकते. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होतो, त्याला चकाकी येते. मग झाकण ठेवून वाफ काढायची. पाण्याचा हात लावून बघावा. चीक बोटाला चिकटला नाही तर शिजला. कच्चा राहिलेला चीकही वाळतो छान, दिसतोही छान, पण तेलात फुलत नाही. पिठूळ कण गरम पाण्यात पुरते फुगून एकजीव झाले असतील तरच पुढे तळताना त्यांची जाळी उमलते.

या पहाटेची मजुरी मुलांनी घ्यायची असते. वाटीत गरम चीक, त्यावर दूध-साखर, नाहीतर कच्चं तेल आणि तिखट. पातेलं खरवडायला कोण बसणार यावरून होणारं भांडण ऐकायचं आणि सोऱ्या दाबत राहायचं.

३. मीठ जिभेला कमी वाटलं पाहिजे

ओल्या चिकात मीठ बरोबर लागलं, तर वाळलेली कुरडई खारट होणार. पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं. सांडगे, खारोड्या, साबुदाण्याच्या चकल्या, सगळ्यांना हाच नियम. चव बघायला घरातल्या नव्या सुनेला किंवा पाहुणीला बोलावू नये. ती बिचारी जेवणाच्या हिशेबाने ‘मीठ हवंय’ म्हणते.

४. ऊन सगळ्यांना सारखं देऊ नका

उडदाचा पापड लाटला की सावलीत टाकायचा, घरात चादरीवर, पंखा बंद ठेवून. तापल्या उन्हात तो कडेने वळतो, तडकतो आणि डब्यात त्याचा चुरा होतो. सावलीत सुकल्यावर शेवटी थोडं ऊन दाखवलं की पुरे. कुरडईला उलट पहिल्याच दिवशी कडक ऊन हवं, नाहीतर ती आतून ओली राहून आंबते. संध्याकाळी ती कागदावरून सुटली की उलटून ठेवायची.

ज्वारीच्या बिबड्यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. सडून घेतलेली ज्वारी भिजवून, दळून तिचा घाटा शिजवायचा. त्यात तीळ, जिरं, लसूण, तिखट. तो ओल्या कापडावर पाण्याच्या हाताने थापायचा. वाळल्यावर बिबडे कापडाला घट्ट धरून बसतात. ओढून काढले तर तुटतात. कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे ते अलगद सुटतात, आणि मग पुन्हा उन्हात. जुनी धुवट सुती साडी यासाठी जपून ठेवावी. नव्या कापडाची खळ बिबड्यांना लागते.

५. पुरतं कोरडं झालं म्हणजे चांगलं झालं, असं नाही

नीट वाळलेल्या कुरडईतही थोडं पाणी असतं आणि तेच तिला फुलवतं. कडकडीत तेलात त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती पिठाला फुलवून बाहेर पडते. तेल कोमट असेल तर वाफ हळूहळू निघून जाते आणि कुरडई तेल पिऊन दातांखाली चिवट लागते. म्हणून आधी एक तुकडा टाकून बघावा. तो तळाशी जाऊन क्षणात वर आला पाहिजे.

उलट ओलावा जास्त राहिला तर पावसाळ्यात बुरशी. कुरडईच्या मधल्या वळ्याला मोडून बघावं; वाकली तर अजून एक दिवस, ‘कट्’ आवाज आला तर डब्यात. पण त्याच दुपारी नव्हे. गच्चीवरून आणलेल्या गरम कुरडया लगेच बंद केल्या की डब्याला आतून घाम सुटतो. रात्रभर घरात निवू द्याव्यात आणि सकाळी भराव्यात.

६. कोकणात हा हिशेब बदलतो

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. तिथे धान्याचा घाटा नुसत्या उन्हावर सोडून देता येतो. राजापूरला ऊन असतं, पण हवेतच पाणी असतं. घामसुद्धा वाळत नाही तिथे घाटा काय वाळणार, असं जाऊ म्हणते. म्हणून तिकडच्या टिकाऊ पदार्थांत उन्हाच्या जोडीला मीठ किंवा साखर येते.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पाऊस दारात असताना. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, सालं उन्हात टाकायची. मग त्याच फळाच्या खारवलेल्या रसात ती बुडवायची आणि पुन्हा वाळवायची. असं पुन्हा पुन्हा, रंग काळपट लाल होईपर्यंत. दर खेपेला सालीतलं पाणी जातं आणि आंबटपणा नि मीठ आत मुरतं. आमसूल वर्षभर टिकतं ते या मुरण्यामुळे. आंब्याच्या साठाला हीच राखण साखरेची. रस ताटात पसरून, एक थर सुकला की त्यावर दुसरा.

माझ्या माहेरची पद्धत तिकडे किंवा तिकडची इकडे जशीच्या तशी नेऊ नये. पदार्थ नेताना आधी त्या गावची हवा विचारावी.

७. चोथ्याला पण डबा असतो

चीक काढल्यावर गव्हाचा जो चोथा उरतो, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून आम्ही भुसवड्या घालतो. त्या तळल्यावर कुरकुरीत होतात आणि कुरडईपेक्षा लवकर संपतात. कोकमाच्या बियांतून मुठेल निघतं, थंडीत भेगाळलेल्या टाचांना त्यासारखं दुसरं काही नाही. पापडाचं पीठ कुटताना उरलेल्या लाट्या तेलात बुडवून खायच्या असतात. त्या कुठल्याच डब्यापर्यंत पोचत नाहीत.

८. डबे भरताना श्रावण आठवा

वाळवणं म्हणजे तळण, असं आता झालंय. खरं तर ती पावसाळ्यातली भाजी होती. बाजारात पालेभाजी चिखलाने भरलेली, शेंगा महाग, आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद. अशा वेळी घरात भाजी कुठून येणार? ती उन्हाळ्यातच करून ठेवलेली असे. म्हणून आमच्याकडे सांडग्यांचे दोन डबे असतात, एक लसणीचा आणि एक बिनलसणीचा. डब्यावर तसं लिहूनच ठेवावं. ऐन श्रावणी सोमवारी वास घेऊन ठरवण्याची वेळ येऊ नये.

सांडग्यांसाठी हरभरा, मूग, मटकी, उडीद यांच्या डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, वाटताना पाणी घालायचं नाही. आमटी करताना सांडगे आधी थोड्या तेलात मंद आचेवर तांबूस परतायचे. मग त्यावर पाणी घालायचं ते उकळतंच. गार पाण्याने ते मध्ये टणक राहतात. लसणीच्या आमटीला सुकं खोबरं आणि काळा मसाला. बिनलसणीच्या आमटीला गोडा मसाला, चिंच आणि गुळाचा खडा. आमटी पाच-दहा मिनिटं झाकून ठेवली की सांडगे रस पितात, म्हणून ती वाटते त्यापेक्षा पातळ ठेवावी.

बाजरीच्या खारोड्या तळायच्याही भानगडीत पडू नये. मूठभर खारोड्या, भाजलेले शेंगदाणे आणि बाजूला कच्चा कांदा, एवढ्यावर पावसाळी संध्याकाळ भागते. दही घालून वाळवलेली भरली मिरची मात्र दहीभाताच्या वेळी तळून चुरायची. घरात कुणाला ताप आला असेल तर तोंडाला चव येते ती तिनेच.

९. पदार्थ ठरवण्याआधी हात मोजा

पूर्वी पापडाच्या दिवशी आळीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, चहा आणि लाट्या मात्र भरपूर. त्याचं कौतुक करताना हेही आठवावं, की ते काम पहाटेपासून कंबर मोडेपर्यंत चालायचं आणि त्यात पुरुषाचं लाटणं कधी दिसलं नाही. ती माणसं आणि तो वेळ आता नाही. मग एकटीने पाच किलो पापडांचा घाट घालून आजारी पडण्यात कसली परंपरा?

१९५९ मध्ये मुंबईत गिरगावात लिज्जत पापड सुरू झालं तेही एकीने केलेलं नव्हतं. सात जणी होत्या आणि ८० रुपये उसने. मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड तोलून द्यायचे आणि लाटण्याची मजुरी घ्यायची, ही त्यांची रीत. जे काम आळीत फुकट होई, त्याला तिथे भाव मिळाला.

म्हणून माझी वाटणी सरळ आहे. एकटीच्या हातांनी होतं ते घरी: सांडगे, भरल्या मिरच्या, खारोड्या, वाळवलेली गवार. दोघी असल्या तर कुरडया, त्याही दोन किलो गव्हाच्या, जास्त नाही. नवरा किंवा मुलगा घोटायला उभा राहत असेल तर दोघींची गरजही नाही. मनगटाचं काम आहे ते. उडदाचे पापड आणि बिबडे विकत. ते बचत गटातल्या किंवा घरी करून विकणाऱ्या बाईकडून घ्यावेत. घेताना एक कच्चा मोडून बघावा, जमलं तर एक तळून मागावा. फुलला, खारट नसला, आंबूस वास नसला, तर माल चांगला.

मग भावावरून घासाघीस करू नये. ‘गहू एवढ्याला मिळतो आणि कुरडई तेवढ्याला?’ असं विचारणाऱ्यांना मी आधी दोन किलो गहू भिजवायला सांगते. शनिवारी चीक घोटून झाला की त्यांना भाव आपोआप पटतो.