नाताळ आणि शहरची सहल
(शब्बाथशाळेसाठी पाठ)

शास्त्रभाग : लूक २:४१-५२, मत्तय २५:३१-४६.

पाठाचा हेतू : सणाच्या आनंदात प्रभू आपल्याबरोबर आहेच असे गृहीत न धरता, त्याला खरोखर बरोबर घेऊन सण पाळण्यास शिकणे.

प्रस्तावना

पेडणे व डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन तालुके. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अंमलाखाली आले, म्हणून त्यांना नव्या काबिजादीत गणतात. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादीत गावोगाव इगर्ज्या आहेत. इकडे मात्र बहुतेक वस्ती हिंदू. ख्रिस्ती घरे थोडी, आणि मराठीतून उपासना करणारी त्याहूनही थोडी. त्यामुळे नाताळ आला की मुलांचे डोळे पणजीकडे लागतात. वाटेवर म्हापशाच्या घरांवरचे कागदी तारे, ठिकठिकाणचे गोठ्याचे देखावे, पणजीच्या टेकडीवरची पांढरीशुभ्र इगर्जी व तिच्या वळणावळणाच्या पायऱ्या, मांडवीच्या पाण्यात हलणारे दिवे! २०११ च्या जनगणनेप्रमाणे पणजीची वस्ती सुमारे ४० हजार. मुंबईकर हसतील, पण आमच्या मुलांना तेच मोठे शहर.

एका नाताळाला आम्ही दोन-तीन कुटुंबे मिळून पणजीला गेलो. सकाळची उपासना कशीबशी आटोपली. शेवटचे गीत चालू असतानाच आमचे लक्ष घड्याळाकडे. दिवस मजेत गेला. रात्री परतलो तो दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली. शेजारच्या वहिनी दिवाळीचा फराळ आम्हांला न चुकता देतात. त्या दिवशी त्या मुलांना घेऊन आल्या होत्या व कुलूप पाहून परत गेल्या. पिशवीत एक नारळ व अबोलीचा गजरा होता. आमच्या नेवऱ्या डब्यात तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी वहिनी एवढेच म्हणाल्या, “पोरांना तुमचा गोठा बघायचा होता.”

मुख्य मुद्दे

१. सणासाठी शहरात जाणे चूक नव्हे. मरीया व योसेफ दरवर्षी वल्हांडण सणासाठी नासरेथहून यरुशलेमेस जात. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक, कित्येक दिवसांची चाल. तेव्हा सहल म्हणजे पाप, असे शिक्षकांनी मुलांना शिकवू नये.

२. चूक झाली ती गृहीत धरण्यात. परत निघाल्यावर येशू सोबतच्या लोकांत असेल असे समजून ती दोघे एक दिवसाची वाट चालून गेली. आईबाप प्रेमळ होते, देवभीरू होते, सण यथासांग पाळून निघाले होते. तरीही हे घडले. आमचेही तसेच झाले. त्याच्या जन्माचा दिवस, तेव्हा तो बरोबर असणारच, असे धरून आम्ही बसमध्ये बसलो.

३. तो कोठे सापडला? नातलगांत नाही, ओळखीच्यांत नाही. तीन दिवसांनंतर मंदिरात, आपल्या पित्याच्या घरी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो आणखी एक पत्ता देतो : भुकेला, परका, आजारी, बंदिवान. तोच आमच्या दाराशी येऊन गेला असे म्हणण्याचा आम्हांला धीर होत नाही. पण त्याच्या जन्माची गोष्ट पाहू इच्छिणारी लेकरे परत गेली, हे खरे.

४. आपले घर हे सुवार्तेचे ठिकाण आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले, व ते १६१६ साली गोव्यातच, रायतूर येथे छापले गेले. चारशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या माणसाने प्रभूजन्माची कथा येथील लोकांच्या भाषेत सांगितली. आपली तर ती मायबोली. मग शेजारच्या मुलांना गव्हाणीची गोष्ट सांगायला आपल्याला किती श्रम पडतील?

आचरणासाठी

आता आम्ही असे करतो. २५ डिसेंबरला उपासना सावकाश होते. नंतर दार दिवसभर उघडे. मुलेच नेवऱ्या व दोदोलची ताटे घरोघर पोचवतात आणि गोठा पाहायला या म्हणून सांगतात. संध्याकाळी एखाद्या एकट्या वृद्धाला किंवा आजाऱ्याला भेटतो. सहल २६ तारखेला. तारे काही एका रात्रीत उतरत नाहीत! गेल्या खेपेस वहिनींची मुलेही आमच्याबरोबर पणजीला आली.

चर्चेसाठी प्रश्न

१. येशू बरोबर नाही हे मरीया व योसेफ यांच्या ध्यानात यायला एक दिवस का लागला असावा?
२. नाताळच्या दिवशी तुमच्या गावात कोण एकटे असते? कोणाला कामावर जावे लागते?
३. यंदा आपल्या वर्गाने कोणत्या तीन घरी जावे? नावे आजच लिहून ठेवा.

प्रार्थना : हे प्रभो, तुझ्या सणात तुलाच मागे ठेवून आम्ही पुढे जाऊ नये असे कर. आमचे दार उघडे राहो. आमेन.