विषुवदिन, ऋतुसंधी आणि बालकांची जिज्ञासा

ऋतुचर्येवर मोठ्यांपुढे व्याख्यान देणे सोपे. तिसरी-चौथीच्या मुलांपुढे कठीण. नांदेडच्या एका प्राथमिक शाळेत मार्च महिन्यात बोलताना प्रस्तुत लेखक सहज म्हणून गेला, ‘‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो.’’ लगेच एका मुलीने विचारले, ‘‘मंग हिवाळ्यात सूर्य ल्हान का दिसत नाही?’’

चूक माझीच होती. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत. जुलैच्या आरंभी ती सुमारे ५० लाख किलोमीटर अधिक दूर असते. ऋतू घडतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे.

‘अक्ष’ हा शब्द या वयाला जड. तेथे काठी कामास येते. शाळेच्या पटांगणात एक मीटर काठी उभी रोवावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली खडूने आखावी. (मुलांना सूर्याकडे मात्र पाहू देऊ नये.) नांदेडला २१ मार्चच्या सुमारास ही सावली उत्तरेकडे सुमारे ३५ सेंटिमीटर भरते, लातूरला ३३. मेच्या मध्याला ती दोन्ही गावी एका दुपारी नाहीशी होते आणि जूनमध्ये चक्क दक्षिणेकडे सात-आठ सेंटिमीटर पडते! २२ डिसेंबरला नांदेडची सावली ९२ सेंटिमीटर होते. लातूरकडील मुलांना हे दिवस वेळ अमावास्येच्या आसपासचे म्हणून सांगितले, की शेतातली आंबिल आठवून ते पक्के लक्षात राहतात. सावली लांब म्हणजे किरण तिरपे, आणि तिरपे किरण म्हणजे तीच उष्णता अधिक जागेवर विखुरलेली; बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ व तिरपा टाकून हे लगेच दाखविता येते.

२०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबर या विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर येतो व दिवस-रात्र जवळपास समान होतात. उत्तरायणाचा खरा आरंभ २१-२२ डिसेंबरचा. मकरसंक्रांत आज त्यानंतर सुमारे २४ दिवसांनी येते. मुलांना तिळगुळाच्या दिवशी हा फरक सांगण्यास हरकत नाही, संक्रांतीचा गोडवा त्याने कमी होत नाही.

आता आपल्या व्यवसायाचा प्रश्न. अष्टांगहृदयात माघापासून दोन-दोन मास धरून शिशिर, वसंत, ग्रीष्म असा क्रम आहे. त्यानुसार चैत्र-वैशाख हा वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म. मराठवाड्यात मात्र वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि आषाढात आपण पावसाची वाट पाहत असतो, किंवा पाऊस पडून गेलेला असतो. मासांवर विसंबून ग्रीष्मचर्या ज्येष्ठात सांगणारा वैद्य बालरुग्णांच्या बाबतीत महिनाभर तरी उशीर करतो. ऋतू लक्षणांवरून ओळखावा, हे माझे मत या काठीनेच दृढ केले. डिसेंबरअखेरपासून आखडत आलेली सावली विषुवदिनानंतर आणखी आखडत जाते. तेव्हापासूनच मुलांचे दुपारचे खेळ आवरावेत, पाणी व ताक वाढवावे.

हा पालटही एकदम नको. सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी. जुनी चर्या त्यात क्रमाने सोडावयाची आणि नवी क्रमाने धरावयाची. मुलांना हे कसे सांगावे, असे एका शिक्षिकेने विचारले. त्या मुलीनेच उत्तर दिले, ‘‘सावली बी एका दिवसात कुठं आखडती?’’