सही करण्याआधी पेटी बघ

सहार, मुंबई

चि. सोनू,


तुझा बी.कॉम.चा निकाल ताईनं फोनवर सांगितला. फार आनंद झाला. एअर कार्गोच्या आयात-निर्यातीचा कोर्स करायचं तू ठरवते आहेस आणि त्याच्या फीसाठी ताई बांगड्या मोडायला निघाली आहे, हेही कळलं. म्हणून घाईनं लिहितो आहे. पैसे भरण्याआधी हे पत्र तुम्ही दोघींनी वाचा.

‘एअरपोर्टवर नोकरीची हमी’ असं कोणी सांगत असेल, तर तिथून सरळ उठून ये. विमानतळात शिरायचा पास बीसीएएस या विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या नियमांप्रमाणे, पोलीस पडताळणी झाल्यावर आणि कामावर ठेवणाऱ्या कंपनीमार्फत मिळतो. क्लासवाल्याच्या हातात तो नसतो. धोकादायक मालाचं, म्हणजे डीजीआरचं प्रशिक्षण डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची मान्यता असलेल्या ठिकाणीच घ्यायचं असतं आणि ते 24 महिनेच चालतं. नोकरी हाती नसताना ते केलंस, तर निम्मी मुदत घरी बसून संपेल. बऱ्याच कंपन्या माणूस घेतल्यावर ते स्वतः करवून घेतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा पायाभूत कार्गो कोर्स चांगला आहे, तो अवश्य कर. पण तो दुसरी पायरी म्हणून.

पहिली पायरी तुझ्या दारात, नागपुरातच आहे. अमरावती रोडवर वाडी नाक्यापासून आठव्या मैलापर्यंत ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं आहेत. त्यातल्या एखाद्या चांगल्या माणसाकडे सहा महिने काम कर. पगार थोडा असेल, चालेल. बिल्टी, म्हणजे ट्रकच्या मालाची पावती बनव, ई-वे बिल भर, नग मोज, माल काट्यावर चढताना स्वतः उभी राहा. फुटका खोका आला तर त्याची नोंद कोण, केव्हा आणि कोणाच्या सहीनं करतो ते बघ. विमानाच्या मालाची एअर वेबिल ही बिल्टीचीच थोरली बहीण आहे. बिल्टी नीट समजलेल्या पोरीला वेबिल शिकायला वेळ लागत नाही.

खिशात मोजपट्टी ठेव. विमानात वजनाइतकीच जागा महाग असते. समज, एका खोक्याचं वजन 12 किलो आहे आणि माप 60 बाय 50 बाय 40 सेंटिमीटर. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून 6000 नं भागलं की 20 येतात. भाडं लागेल ते 20 किलोचं. आता उंची खरी 45 होती आणि तू घाईत 40 लिहिलीस, तर दर खोक्यामागे अडीच किलो चुकले. असे 40 खोके असतील तर फरक 100 किलोंचा. विमान कंपनीनं पुन्हा माप घेतलं की तो खर्च कोणाच्या तरी अंगावर पडतो आणि त्या कागदावर सही तुझी असते.

वेबिलचा नंबरही डोळसपणे वाचायला शीक. तो 11 आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, एअर इंडियाचे 098. पुढच्या सात आकड्यांना 7 नं भागून जी बाकी उरते, तोच शेवटचा आकडा. 1234567 ला भागलं तर बाकी 5. म्हणून नंबर 098-12345675. शेवटी 6 दिसला तर कुठंतरी आकडा चुकला आहे, हे तुला कॉम्प्युटर उघडण्याआधी कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटीत जे आहे तेच कागदावर लिहायचं. 3 सप्टेंबर 2010 ला यूपीएस या कुरियर कंपनीचं एक मालवाहू विमान दुबईहून निघालं, वर गेल्यावर मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातही त्या 30 टक्क्यांहून जास्त चार्ज असून चालत नाहीत. तरीही ‘सुटे भाग’ एवढंच लिहून पेटी पुढे सरकवणारा कोणी ना कोणी तुला भेटेल. ओळखीचा असेल, ‘एवढं चालवून घ्या ताई’ म्हणेल. चालवून घ्यायचं नाही. सुटे भाग कशाचे, बॅटरी आहे का, असल्यास तिचा कागद कुठे, हे विचारायचं. मशीन लाकडी पेटीत असेल तर लाकडावर गव्हाच्या ओंबीची छापखूण आहे का, तेही वाकून बघायचं. लाकडावर कीडनाशाची प्रक्रिया झाल्याची ती खूण. ती नसेल तर परक्या देशात माल अडतो.

कस्टमचं काम आवडलं तर रस्ता लांब आहे, पण पक्का आहे. कस्टम ब्रोकरकडे आधी एच कार्ड या सुरुवातीच्या ओळखपत्रावर काम, मग परीक्षा देऊन जी कार्ड. पदवी तुझ्याकडे आहे. जी कार्डावर दोन वर्षं काढलीस की स्वतःच्या लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. निर्यातीचं शिपिंग बिल, आयातीचं बिल ऑफ एंट्री आणि मालाच्या वर्गवारीचा एचएस कोड, या तिन्हींवर रोज हात बसव. कोड चुकला की ड्युटी चुकते.

नागपुरात वाव आहे का, असं ताई विचारत होती. 1949 पासून कितीतरी वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमानं रात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर येऊन थैल्यांची अदलाबदल करत. मधोमध असण्याचं मोल या गावानं तेव्हाच दाखवलं आहे. आज विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमानदुरुस्तीचा तळ आहे. एखाद्या सुट्या भागासाठी विमान जमिनीवर खोळंबतं, तेव्हा तो भाग तासाभरात सोडवून आणणारा माणूस लागतो. तरीही मुंबईच्या मानानं तिथं काम कमी आहे, हे खरं. अनुभवासाठी काही वर्षं इकडे यावं लागेल. आमच्या घरी राहा, मामी तयार आहे.

रात्रपाळी मात्र टळणार नाही, कारण बरीच आंतरराष्ट्रीय विमानं रात्री सुटतात. हे ताईला आत्ताच स्पष्ट सांग. नोकरी घेताना घरी सोडणारी गाडी आहे का, हे न लाजता विचार.

येत्या सोमवारी दोन-तीन गोदामांत जाऊन बोल. काय म्हणाले ते मला कळव. बांगड्या ताईच्या हातातच राहू देत.

ताईला नमस्कार, भाऊजींनाही.

तुझा,
मामा