विचारू नकोस, बघत बस

डिझायनर ठेवायला पैसे नाहीत म्हणून तू हात बांधून बसलायस, हे मला पटत नाही. पतसंस्थांची सॉफ्टवेअरं करणाऱ्या छोट्या कंपन्यांत डिझायनर कधी नव्हताच. स्क्रीन देखणी करायला तो लागतो, कबूल. पण ती वापरता येते की नाही हे तपासायला डोळे, एक वही आणि गप्प बसायची ताकद एवढंच पुरतं. यातली तिसरी गोष्ट आपल्या घराण्यात कमी आहे, म्हणून आत्या तीच आधी सांगतेय.

"कसं वाटलं?" हा प्रश्न विचारायचाच नाही. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाच्या कामाला तोंडावर कुणी नावं ठेवत नाही. रोजची बचत दारोदार गोळा करणारा पिग्मी एजंट म्हणेल, "मस्त आहे साहेब," आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा वहीच काढेल. त्याला मत विचारू नकोस, काम दे. तेही शब्द जपून. बटणावर 'जमा नोंद' लिहिलंय आणि तूच म्हणालास "जमा नोंद करा", तर तो नुसते शब्द जुळवेल, तुला काहीच कळणार नाही. म्हण, "भाजीवाल्या काकू रोज शंभर देतात, आज पन्नासच दिले. आता काय कराल?" दुसरं काम चूक निस्तरायचं दे: "पाचशेऐवजी हातून पाच हजार पडले. निस्तरून दाखवा." हे दुसरं काम कधीही गाळू नकोस. डेमोत सगळं सुरळीतच चालतं. दिवसअखेर रोकड आणि नोंद जुळली नाही, की फरक एजंटच्या खिशातून जातो. चूक दुरुस्त करायची वाट एकदा सापडली नाही, की तो तुमच्या ॲपवर पुन्हा भरवसा ठेवत नाही.

काम दिलंस की गप्प. तो अडकेल, तुला दिसत असेल की बटण उजवीकडे वरच आहे, आणि तुझं बोट आपोआप पुढे जाईल. बोट वहीवर ठेव. "आता काय दाबू?" असं त्याने विचारलं तर म्हणायचं, "मी इथे नसतो तर काय केलं असतं?" त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घे, शुद्ध करू नकोस. ज्याने ती स्क्रीन लिहिली त्याला शेजारी बसवू नकोस. बसवावंच लागलं तर थोडा मागे, आणि चहाचा कप हातात देऊन. सुरुवातीलाच स्पष्ट सांग की परीक्षा सॉफ्टवेअरची आहे, तुमची नाही. तरी तो म्हणेलच, "मला कॉम्प्युटरातलं फार कळत नाही हो." ज्या स्क्रीनवर हे वाक्य आलं तिला वहीत खूण कर.

अजून एक. शाखाधिकारी खोलीत असेल तर चाचणी घेऊच नकोस. साहेबांसमोर लिपिक अडकत नाही, अडकला तरी दाखवत नाही. पुस्तकांत लिहितात की वापरणाऱ्याने मनातला विचार मोठ्याने बोलत काम करावं. आपल्याकडे अनोळखी माणसासमोर एकट्याने असं बोलायला माणूस लाजतो. त्याला एक युक्ती आहे: एकाच शाखेतल्या दोघांना एका मशीनसमोर बसव. "अगं तिथे नको, ते मागच्या वेळी गेलं होतं सगळं," असं ते एकमेकांशी बोलतात, आणि तुला हवं ते सगळं कानावर पडतं.

किती माणसं? वापरसुलभतेचे अभ्यासक नीलसन आणि लँडाउअर यांचा १९९३ चा हिशेब तू ऐकला असशील: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो, पाच जण मिळून जवळजवळ ८५ टक्के. आकडा सोयीचा आहे म्हणून लोकांनी त्याचं स्तोत्र केलं. पण लॉरा फॉकनरने २००३ मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे गट काढून पाहिले, तर एखाद्या गटाने ९९ टक्के अडचणी पकडल्या आणि एखाद्याने जेमतेम ५५. म्हणून मी सांगते, एका वेळी तिघंचौघं घे, सापडलं ते दुरुस्त कर, मग नवे तिघंचौघं घे. याच विषयावर लिहिणारा स्टीव्ह क्रग तर महिन्याला एक सकाळ आणि तीन माणसं, एवढंच म्हणतो, आणि छोट्या कंपनीला तेच झेपतं. मात्र एजंट वेगळे मोज, कॅशियर वेगळे. दोघांचं जग एक नाही.

आता एजंटचं जग. दारोदार जाऊन रोज थोडे थोडे पैसे गोळा करायची पिग्मी ठेव उडुपीच्या बँकेने, पुढे जिला सिंडिकेट बँक म्हणायला लागले तिने, १९२८ मध्ये सुरू केली. म्हणजे तुमच्या ॲपच्या कितीतरी आधीपासून हे काम कागदावर चाललंय, आणि कागदाने स्वतःची एक शिस्त बसवलीय. एजंटच्या वहीत नावं खातेक्रमांकाने नसतात, आडनावाच्या क्रमानेही नसतात. ती गल्लीच्या क्रमाने असतात: आधी सलून, मग किराणा, मग कोपऱ्यावरचा सायकलवाला. तुमची यादी 'अ'पासून सुरू होत असेल तर प्रत्येक दुकानापुढे त्याला शोध घ्यावा लागतो, तोही पाय रस्त्यात ठेवून. आणि गावात संजय पाटील एकच असतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि दुकानाची खूण एका ओळीत दिसलीच पाहिजे. हे कुठल्याही चाचणीत सापडायच्या आधी वही बघून सापडतं. एक दिवस त्याच्या मागून बाजार फिर, मध्ये काही विचारू नकोस. शाखेत गेलास तर मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाच. "आधी एफ सात, मग एंटर दोनदा" असं जिथे लिहिलंय, तिथे तुमच्या स्क्रीनने सांगायचं ते चिठ्ठी सांगतेय. ट्रेनिंग देणारा ज्या ज्या ठिकाणी "हे मात्र लक्षात ठेवा हं" म्हणतो, तीही यादी करून ठेव.

फोन हातात आल्यावरच्या काही गोष्टी ऑफिसात बसून तपासता येतात. भर दुपारी, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून गच्चीवर जा. वेब सुलभतेचे जागतिक निकष साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा फरक मागतात. तुमची ती फिकट राखाडी अक्षरं तिथे टिकत नाहीत, उन्हात तर नाहीतच. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडच्या सूचनेप्रमाणे ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर हवी. मग इंटरनेट बंद करून 'जमा' दाब. सेकंदभर काहीच हललं नाही तर माणूस पुन्हा दाबतो, आणि एका हप्त्याच्या दोन नोंदी होतात. दहा सेकंदांनी तर त्याचं लक्षच निघून जातं. "नोंद फोनमध्ये झाली, शाखेत पोचायची आहे" एवढं लगेच दिसलं की तो पुढच्या दुकानात जायला मोकळा.

मराठीसाठी वेगळी चाळणी लागते, आणि ती इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. प्रत्येक रकान्यात कऱ्हाड, विठ्ठल, ज्योत्स्ना, त्र्यंबक टाकून बघ. वेलांटी वर कापली जातेय का, जोडाक्षर खालून छाटलं जातंय का, पावतीच्या प्रिंटरवर ऱ्हा फुटतोय का. मराठी कीबोर्डवरून कुणी '१००' टाइप केलं आणि तुमचा प्रोग्रॅम म्हणाला "चुकीची रक्कम", तर चूक कोणाची? लाखाचा स्वल्पविराम १,००,००० असाच पडायला हवा. चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते मोज, आणि मग मला सांग की शोध इंग्रजी स्पेलिंगवर ठेवायचा की नाही.

आता तुम्ही कंपनीतल्या चौघांनी बसून करायचं काम. नीलसन आणि मोलिक या डॅनिश जोडीने १९९० मध्ये एक पद्धत मांडली: ठरावीक तत्त्वं हातात घेऊन प्रत्येकाने स्क्रीन तपासायची. नीलसनने १९९४ मध्ये ती तत्त्वं दहा केली. सिस्टीम काय करतेय ते दिसावं, मागे फिरता यावं, आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं पडावं, अशी ती आहेत, सगळी तुला सहज मिळतील. पण प्रत्येकाने आधी एकट्याने बघायचं. नीलसनच्या हिशेबात एकटा तपासणारा सरासरी ३५ टक्केच अडचणी पकडत होता, आणि प्रत्येकाला वेगळ्याच दिसत होत्या. सुरुवातीलाच एकत्र बसलात तर मोठा आवाज असलेल्याचं तेवढं नोंदलं जातं, आणि तो कोण ते मला माहीत आहे. याद्या एकत्र झाल्या की प्रत्येक अडचणीला शून्य ते चार गुण द्या. चार म्हणजे ती सोडवल्याशिवाय बिल्ड बाहेर जाणार नाही. पैशाची नोंद दोनदा होणं चार. बटणाचा रंग कुणाला आवडला नाही, हे शून्य, मग ते कुणीही म्हणो, अगदी मालकसुद्धा.

मालकाला आकडा हवाच असेल तर जॉन ब्रुकची १९८६ ची वापरसुलभतेची दहा वाक्यांची प्रश्नावली वापर. वापरणाऱ्याने विषम वाक्यांना दिलेल्या गुणांतून एक वजा करायचा, सम वाक्यांचे गुण पाचातून वजा करायचे, बेरजेला अडीचने गुणायचं. शंभरापैकी उत्तर येतं, पण ते टक्के नव्हेत. ६८ च्या आसपास सरासरी धरतात. मराठी केलीस तर नकारार्थी वाक्यं आधी दोघातिघांकडून वाचून घे, तिथे लोक हमखास उलटी खूण करतात. आणि हा आकडा फक्त ताप आहे एवढं सांगतो, कुठे दुखतंय ते नाही.

सापडलेलं सगळं एकदम दुरुस्त करायला जाऊ नकोस. ज्या कॅशियरची बोटं न बघता चालतात, तिचं बटण हलवलंस तर तुझी सुधारणा तिच्यासाठी बिघाडच. आधी शब्द बदल, मग क्रम, जागा सगळ्यात शेवटी. आणि ३१ मार्चच्या आठवड्यात ना नवी स्क्रीन पाठव, ना चाचणीला शाखेत जा. त्या दिवसांत तिथे चहासुद्धा कुणी विचारत नाही.