बिंदुमेघ आणि वितान : कमल बस्तीच्या निमित्ताने

कणकुंबी-जांबोटी भागातून बेळगावात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना मी किल्ल्यातील कमल बस्ती पाहून येण्यास सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर, देवळाला 'बस्ती' का म्हणतात? कन्नड 'बसदि' म्हणजे जैन मंदिर. तिचे आपल्याकडे बस्ती झाले. बसदि काय किंवा आपली वस्ती काय, दोन्ही शब्द संस्कृत 'वसति'कडे जातात. ही माहिती नसलेला माणूस, किंवा यंत्र, या नावाचा अर्थ 'कमळांची वसाहत' असा लावील.

रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये ही बस्ती बांधली. मंडपाच्या मधोमध वरून लोंबणारे दगडी कमळ आहे. त्याच्या 72 पाकळ्या भूत, वर्तमान व भविष्य काळांतील प्रत्येकी 24 तीर्थंकरांच्या मानल्या जातात.

अशा वास्तूचे लेझर स्कॅनिंग करायचे झाल्यास काय घडेल? यंत्र प्रकाशकिरण सोडते आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. दहा मीटरवरचा दगड असेल तर जाऊन येण्यास सुमारे 67 अब्जांश सेकंद. असे कोट्यवधी बिंदू मिळून 'पॉइंट क्लाउड' तयार होतो. मी त्याला बिंदुमेघ म्हणतो. एका जागेवरून सारे दिसत नाही, म्हणून यंत्र ठिकठिकाणी मांडून ते मेघ परस्परांशी जुळवावे लागतात. गुळगुळीत काळसर खांबांवरून किरण नीट परतत नाही. ओल्या दगडाचेही तेच; कणकुंबीच्या पावसात हे काम काढण्याचा विचारही कोणी करू नये.

पण खरी अडचण पुढे आहे. बिंदूला खांब ठाऊक नसतो, पाकळीही नसते. मेघाचे तुकडे पाडून त्यांना नावे द्यावी लागतात, आणि तेथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आपण सर्रास 'छत' म्हणतो. या एका शब्दात आपण आतून दिसणारी कोरीव बाजूही घेतो आणि पावसाचे पाणी झेलणारी वरची बाजूही. यंत्राने मात्र दोन पृष्ठभाग निरनिराळे मोजलेले असतात. मधली दगडाची जाडी सलगपणे कोणी पाहिलेलीच नसते. 'छत' असे लेबल लावले की मॉडेल करणारा ती पोकळी बिनदिक्कत भरून टाकतो. शिल्पशास्त्राने आतल्या बाजूला 'वितान' हा वेगळा शब्द दिला आहे. तो वापरला तर निदान प्रश्न तरी शिल्लक राहतो.

कमळाचेही तसेच. पाकळ्यांच्या मागे किरण पोहोचत नाही, तेथे भोके राहतात. संगणक ती शेजारच्या पाकळीवरून गुळगुळीत भरतो, आणि एखादी पाकळी मुळात तुटलेली असेल तर ती मॉडेलमध्ये आपोआप बरी होते! पाहणाऱ्याला मोजलेला दगड कोणता आणि अंदाजाने भरलेला कोणता, हे कळत नाही. भरलेला भाग निराळ्या रंगात ठेवणे, एवढी शिस्त तरी हवी.

पॅरिसच्या नोत्र दामचे उदाहरण बोलके आहे. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी अभ्यासासाठी ते स्कॅन केले होते. एप्रिल 2019 मध्ये छप्पर जळाले, तेव्हा पुनर्बांधणीत ती मापे कामी आली. जळालेले काय होते हे सांगणारे बिंदू हाती होते, आणि त्यातील तुळई कोणती, कमान कोणती हे नावानिशी सांगणारी माणसेही होती. आपल्याकडे अधिष्ठान, जंघा, कक्षासन, वितान हे शब्द पदव्युत्तर वर्गातही पुसट झाले आहेत. बस्तीतून परतलेल्या मुलांच्या वह्यांत बहुधा दोनच शब्द असतात : खांब आणि छत.